केरिसाची पारख: आधी पातं, मग पोशाख, वय सगळ्यात शेवटी

जावा बेटावर योग्यकार्ता किंवा सुराकार्ताच्या बाजारात जुना केरिस, म्हणजे तिथला पारंपरिक खंजीर, बघायला बसलात की विक्रेता तीन गोष्टी हमखास ऐकवतो. हा मजापहित साम्राज्याच्या काळचा आहे, अमक्या सरदार घराण्यातून आलाय आणि याच्या अंगात काहीतरी शक्ती आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण बसल्या जागी त्यांतली एकही पडताळता येत नाही. पडताळता येतं ते समोरचं लोखंड. ते कसं घडवलंय, किती झिजलंय, कुठे जोडलंय, कुठे काय लपवलंय, हे दिसतं. म्हणून आधी पातं, मग मूठ आणि म्यान, आणि वय व कहाणी सगळ्यात शेवटी असा क्रम धरावा. बहुतेक नवखे नेमके उलट जातात आणि पैसे घालवून बसतात.

कशाला काय म्हणतात

केरिस हा मुळात जावाचा, पुढे बाली, मादुरा, सुमात्रा, सुलावेसी आणि मलय प्रदेशात पसरलेला दुधारी खंजीर. युनेस्कोने २००५ साली त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा दर्जा दिला आणि २००८ मध्ये तो प्रातिनिधिक यादीत आला. जावातल्या पात्याची लांबी साधारण ३३ ते ३८ सेंटिमीटर असते. बालीचं पातं त्याहून लांब आणि वजनदार असतं.

पातं मुठीकडे एका बाजूला जास्त रुंद होतं, दोन्ही बाजू सारख्या नसतात. ही त्याची मुख्य खूण. पात्याच्या बुडाशी आडवा बसवलेला लोखंडाचा वेगळा तुकडा म्हणजे गोंजो. त्यातून आरपार जाऊन मुठीत शिरणारी गोल दांडी म्हणजे पेसी. पातं सरळ असेल किंवा नागमोडी. नागमोडी पात्याच्या प्रत्येक वळणाला लुक म्हणतात आणि लुकांची संख्या विषमच असते: ३, ५, ७, ९, ११, १३. तेराच्या वरचे केरिस वेगळ्या वर्गात धरतात. सरळ पातं म्हणजे हलकं काम, असा समज आपल्याकडच्या पर्यटकांत फार आहे. तो काढून टाकावा. उत्तमातली कितीतरी जुनी पाती सरळ आहेत.

पात्याच्या आकाराला धापुर म्हणतात, त्यावरच्या धातूच्या नक्षीला पामोर, आणि ते कुठल्या काळचं व प्रदेशातलं असावं या अंदाजाला तांगुह. केरिस घडवणारा कारागीर तो एम्पू.

जावातले जाणकार चांगल्या केरिसाचे तीन निकष एका दमात सांगतात: तांगुह, सपुह, वुतुह. म्हणजे ओळख पटणं, जुनं असणं आणि शाबूत असणं. घेणाऱ्याने हीच यादी शेवटाकडून वाचावी.

हातात घेताना

म्यान डाव्या तळहातावर आडवं धरा, उजव्या हाताने मूठ धरा आणि डाव्या अंगठ्याने म्यानाच्या वरच्या भागावर रेटा देऊन पातं सैल करा. मग पातं खेचण्यापेक्षा म्यानच हळूहळू मागे घ्या. धार लाकडावर घासू देऊ नका. घासली तर म्यानाला आतून चर पडतात आणि टोक बोथट होतं. पात्याला बोटं लावण्याआधी विचारा. घामातल्या मिठाने दोन दिवसांत गंजाचे ठसे उठतात.

मूठ काढून पेसी बघायलाच हवी, पण जोर लावून पिळू नका. पेसीभोवती कापड गुंडाळून मूठ घट्ट बसवलेली असते आणि आत गंज धरलेला असतो. नवख्याच्या हातून सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, कारण पेसी मुळातून तुटते. विक्रेत्यालाच काढायला सांगा. तो काढायला तयार नसेल तर आत जोड आहे असं समजून भाव करा.

वुतुह: किती उरलंय?

केरिस लढाईने फारसा झिजत नाही, धुण्याने झिजतो. जावात तिथल्या पंचांगातल्या सुरा महिन्यात केरिस धुण्याचा विधी असतो. गंज काढायला जुन्या नारळाचं पाणी, लिंबाचा रस आणि रिठ्याच्या जातीचं फळ वापरतात. मग आर्सेनिकयुक्त खनिज (आपल्याकडच्या हरताळ-मनशिळेच्या कुळातलं) लिंबाच्या रसात मिसळून पात्याला लावतात. या मिश्रणाला वारांगान म्हणतात. त्याने लोखंड काळं पडतं, पोलाद करडं दिसतं आणि निकेल असलेला पामोर पांढरा उठतो. दर खेपेला आम्ल थोडं लोखंड खातं. शंभर-दोनशे वर्षांत त्याचा हिशेब पात्यावर दिसतो: कडा आत जातात, कोरीव भाग बोथटतात, टोक आखूड होतं.

झीज मोजायला कुठे बघायचं?

टोकापासून सुरुवात करा. नागमोडी पात्यात वळणं टोकाकडे क्रमाने उथळ आणि जवळजवळ होत जातात. शेवटचं वळण अर्धवट वाटलं किंवा एकदम टोकात संपलं, तर टोक तुटल्यावर घासून नवं केलेलं असतं. बुडापासून एकदा या कडेचं, एकदा त्या कडेचं अशी वळणं मोजत जा. उत्तर सम आलं तर आधी आपलं मोजणं तपासा, मग टोक.

नंतर बुडाजवळचे बारकावे. समोरच्या बाजूला हत्तीच्या सोंडेसारखं वळलेलं सेकार काचांग असतं. ते पातळ असल्याने लवकर तुटतं. तुटलं की कानस मारून जागा गुळगुळीत करतात आणि सोंड नसलेल्या दुसऱ्याच धापुरच्या नावाने केरिस विकतात. मात्र सोंडेखालचे छोटे ओठासारखे उंचवटे बहुतेक वेळा तसेच राहून जातात. सोंड नाही आणि ओठ आहेत असं दिसलं की विचारायचं. मागच्या बाजूचे ग्रेनेंग नावाचे दाते बघा. त्यांत जावानी लिपीतल्या 'ध' अक्षराचा आकार पुन्हा पुन्हा येतो. चांगल्या कामात प्रत्येक अक्षर सुटं वाचता येतं. झिजलेल्या पात्यात नुसते खवले उरतात.

मग गोंजो. परंपरेने तो पात्याच्याच घडवलेल्या पट्टीतून कापून काढतात. म्हणून पात्याचा पामोर आणि गोंजोचा पामोर एका जातीचे दिसायला हवेत. केरिस उजेडासमोर धरा. पातं आणि गोंजो यांच्या फटीतून उजेड येता कामा नये. वेगळा, नंतर बसवलेला गोंजो फार सर्रास सापडतो, कारण पाणी तिथेच साचतं आणि तो भाग आधी सडतो. बदललेला गोंजो म्हणजे फसवणूक नव्हे, पण मूळच्याच्या भावात तो विकला तर आहे. पामोरशिवायचा साधा काळा गोंजो मुद्दाम वापरण्याचीही पद्धत आहे, तेव्हा साधा आहे एवढ्यावरून नंतरचा ठरवू नका. जोड किती नेटका आहे ते बघा.

शेवटी भेगा. पात्याच्या पोटात पोलादाची पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना पामोरचे थर असतात. पोलाद आणि थर यांच्या सांध्यात धारेलगत लांबट काळी रेघ दिसली, तर भट्टीत तापमान कमी पडून सांधा नीट बसला नव्हता. हा दोष दुरुस्त होत नाही. दर धुण्याला पाणी आत शिरतं आणि फट वाढत जाते. असं पातं जुनं असो की राजाचं, भाव खाली आणतं.

पामोर: थर कसे बसलेत?

पामोर म्हणजे लोखंड आणि निकेलयुक्त धातू यांचे थर तापवून, ठोकून, दुमडून केलेली रचना. दर दुमडीला थर दुप्पट होतात. सात दुमडींनी एकाचे १२८. थर कसे ठेवलेत त्यावर दोन मुख्य जाती पडतात. चिरोटा डोळ्यासमोर आणा. त्याचे पदर पात्याच्या पृष्ठाला समांतर आडवे झोपवले तर तो म्लुमाह, आणि पदर उभे, कडा वर येतील असे ठेवले तर मिरिंग. मिरिंग कठीण, कारण ठोकताना थर उसवण्याची भीती असते. तो चांगला उतरला की भाव वाढतो. मिरिंगच्या कडा जुन्या पात्यावर नखाला खरखरीत लागतात, कारण मधलं लोखंड आम्लाने जास्त खाल्लेलं असतं.

सर्वांत जास्त दिसतो तो बरास वुताह, म्हणजे सांडलेल्या तांदळासारखा पामोर. तो साधा म्हणून हिणवू नका. थर बारीक, स्वच्छ आणि मध्येच न तुटलेले असतील तर या साध्या नक्षीतच एम्पूचा हात कळतो. सर्वांत जास्त नकली निघतो तो उदान मास, 'सोन्याचा पाऊस', कारण व्यापाऱ्यांत तो बरकतीचा मानला जातो. त्यात एकात एक बसलेली लहान वर्तुळं ठरावीक गटांनी येतात. खऱ्या कामात तापलेल्या पात्यात गोल छाप ठोकून खड्डे करतात आणि नंतर पृष्ठ घासून सपाट करतात. त्यामुळे दबलेले थर कापले जाऊन वर्तुळं आपोआप उमटतात. नकली कामात ड्रिलने किंवा आम्लाने वरवर कोरलेली वर्तुळं असतात.

खरं-खोटं ओळखायची सर्वांत भरवशाची जागा एकच. बुडाजवळ सोगोकान नावाच्या दोन खोल पन्हाळ्या आणि अंगठा मावेल असा एक खोलगट भाग असतो. भिंगाखाली पामोरची एखादी रेघ धरा आणि ती या खोल भागात कुठे जाते ते बघा. खोल घासलेल्या जागी खालचे थर उघडे पडतात, त्यामुळे नक्षी बदललीच पाहिजे. रेघा उताराला धरून वळतात, पसरतात, काही संपतात. तीच नक्षी वरच्यासारखीच खड्ड्यातून सरळ पुढे गेली, तर ती वरून आम्लाने काढलेली आहे. धारेवरही बघा. खरा थर धारेत कापला गेलेला दिसतो, खोटी नक्षी धारेच्या अलीकडेच विरते.

पामोर चमचमीत चांदीसारखा पांढरा आणि लोखंडापासून एकदम उठून दिसणारा असेल, तर बहुधा कारखान्यात तयार झालेलं शुद्ध निकेल वापरलंय. त्यात वाईट काही नाही, पण मग पातं विसाव्या शतकातलं किंवा नंतरचं, हे ठरलं. आणि 'उल्केचं लोखंड' हे तर प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. उल्केचा उपयोग झाला हे खरं आहे. प्रांबानान मंदिराजवळ पडलेल्या उल्केचा मोठा तुकडा १७९७ साली सुराकार्ताच्या राजवाड्यात नेला आणि तिथल्या एम्पूंनी त्यातला धातू वापरला. पण अमुक पात्यात तो आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कोणालाही सांगता येत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

नवं लोखंड म्हातारं कसं करतात

मादुरा बेटावर सुमेनेपजवळचं आएंग तोंग-तोंग हे गाव आज केरिस घडवणाऱ्यांचं मोठं केंद्र आहे. तिथे उत्तम नवं कामही होतं आणि जुनं दिसणारं कामही. नवं पातं तीव्र आम्लात बुडवतात, मातीत पुरतात, पुन्हा आम्ल, पुन्हा घासणी.

फरक कळतो. आम्लाने पडलेले खड्डे सगळीकडे सारख्या खोलीचे आणि गोलसर असतात, त्यांच्या कडा बोटाला टोचतात. पन्हाळीच्या तळाशीही तेवढेच खड्डे आणि उघड्या पृष्ठावरही तेवढेच. खऱ्या झिजेचा असा समान वाटा नसतो. कडा, टोक आणि गोंजोचा सांधा जास्त झिजतो, पन्हाळीची बाजू त्यामानाने वाचते, आणि झिजलेला भाग हाताला मऊ लागतो. आणखी एक गोष्ट: पात्याचं पृष्ठ फार खाल्लेलं पण ग्रेनेंगचे दाते कोरे करकरीत असं असेल, तर दाते नंतर कोरलेत किंवा झीजच बनावट आहे. पेसी बघायची ती यासाठीसुद्धा. मुठीत लपलेली असल्याने तिच्यावर विक्रेता मेहनत घेत नाही आणि पात्याचं वय व पेसीचं वय जुळत नाही.

जुन्या, खऱ्या पण साध्या पात्यावर नंतर काम करून भाव चढवण्याची युक्ती जास्त धोक्याची, कारण लोखंड खरोखर जुनं असतं. पोटावर नाग कोरतात. कोरल्यावर तिथलं पातं पातळ होतं आणि पामोर नागाच्या अंगावरून जायच्या ऐवजी कापलेला दिसतो. काही ठिकाणी आरपार भोक पाडतात, कारण नैसर्गिक छिद्र असलेल्या केरिसाला प्रेमात यश देणारा म्हणून मागणी आहे. भोकाच्या आतल्या भिंती गुळगुळीत आणि गोल असतील तर ते ड्रिलचं.

सोन्याच्या उठावकामाचंही तेच. जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने पाती नावाच्या प्रदेशातलं बंड मोडणाऱ्यांच्या केरिसांवर हत्ती आणि सिंहाचं सोनेरी चिन्ह बसवून दिलं, अशी परंपरा सांगते. परिणाम असा की आज हत्ती-सिंह असलेले केरिस जितके सापडतात तितके सैनिक त्या मोहिमेत होते का, असा प्रश्न पडावा. अस्सल कामात लोखंडातच आकृती कोरून तिच्यावर सोनं चढवलेलं असतं. भिंगाखाली झिजलेल्या जागी सोन्याखाली लोखंड दिसतं. पितळ दिसलं किंवा कडेला गोंद दिसला की विषय संपला.

वय आणि कहाणी

आता तांगुह. पजाजारान, मजापहित, तुबान, ब्लांबांगान, माताराम, सुराकार्ता अशी जुन्या राज्यांची आणि प्रदेशांची नावं सांगितली जातात. ठरवण्याचं साधन म्हणजे लोखंडाचा पोत, गोंजोची ठेवण, पात्याचा पुढे झुकाव, वजन, आणि नखाने टिचकी मारल्यावर येणारा नाद. अनुभवी माणसाचा अंदाज ऐकावा, पण तो शैलीचा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे. 'मजापहित' पातं म्हणजे मजापहित धाटणीचं पातं, एवढंच धरावं. ती धाटणी पुढेही गिरवली गेली. दोन जाणकार एकाच पात्याला दोन नावं देतात, हे नेहमीचंच.

तारीख असलेला केरिस अतिशय दुर्मिळ. अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातल्या, क्नाउड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केरिसावर शके १२६४ म्हणजे इसवी सन १३४२ असा आकडा आहे. हा शक आपल्या पंचांगातलाच. त्या पात्यावर तांब्याचा पातळ पत्रा असून त्यावर रामायणातले प्रसंग आहेत. असा पुरावा तुमच्या समोरच्या केरिसावर असण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

मालकीच्या इतिहासाचं वजन कागदावर ठरतं. प्रिन्स दिपोनेगोरो यांनी १८२५ ते १८३० डचांविरुद्ध लढा दिला. त्यांचा म्हणून सांगितला जाणारा केरिस १८३१ साली हॉलंडच्या राजाला भेट गेला आणि पुढे संग्रहात हरवल्यासारखा झाला. लायडनच्या संग्रहालयात जुनी पत्रं आणि नोंदी ताडून त्याची ओळख पटवली गेली आणि मार्च २०२० मध्ये तो इंडोनेशियाला परत मिळाला. तरीही त्याच्या आकारावरून जावातल्या जाणकारांत वाद झालाच. राजघराण्याच्या दप्तरातली कागदपत्रं असूनही ही गत, तर विक्रेत्याच्या तोंडी गोष्टीचं मोल काय ते ओळखा.

पोशाख

मूठ, मुठीखालचं कडं (मेंडाक), म्यान आणि म्यानावरची धातूची नळी (पेंडोक) हा पोशाख पात्यापासून सुटा होतो आणि बदलतो. म्हणून त्याचा भाव वेगळा काढा, पात्याचा वेगळा, आणि मग बेरीज करा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे केरिस भरपूर असतात. चांदीचा पेंडोक आणि आत दोन पैशांचं पातं.

म्यानासाठी तिमोहो लाकडावरच्या काळ्या-तपकिरी ठिपक्यांना, म्हणजे पेलेतला, मोठी किंमत येते. ते ठिपके रंगवूनही काढतात. म्यानाच्या तोंडातून आत बघा, लाकडात ठिपका खोल गेलेला असतो, रंग वरच राहतो. चंदनाचं म्यानही मोलाचं. जावात समारंभासाठी लांब टोकांचं लाद्रांग आणि रोजच्यासाठी गोलसर गयामान असे म्यानाचे प्रकार आहेत, आणि योग्यकार्ता व सुराकार्ता यांची घडण वेगळी. सुराकार्ताच्या म्यानात योग्यकार्ताची मूठ दिसली तर पोशाख जमवलेला आहे. पातं म्यानात हलत असेल तर म्यान दुसऱ्याचं आहे. मेंडाकातले खडे हिरे म्हणून सांगितले तर तेवढ्यापुरतं सोनार गाठावा.

मग भाव कसा बसतो?

दरपत्रक नाही. जावात केरिसाच्या किमतीला बऱ्याचदा किंमत न म्हणता 'माहार' (म्हणजे मेहेर, लग्नात वधूला द्यायची भेट) म्हणतात, त्यामुळे बोलणी लाजत-लाजत होतात आणि आकडा उशिरा निघतो. आपण मनात उतरंड ठेवावी. कामाचा दर्जा सर्वांत वर, शाबूतपणा त्याच्या खालोखाल, मग पामोरची अवघडता, मग तांगुह, मग पोशाख. अंगातल्या शक्तीची किंमत ज्याला मोजायची त्याने मोजावी, पण पुढच्या गिऱ्हाईकाकडून ती वसूल होईल अशी आशा ठेवू नये.

झिजून कातर झालेल्या 'मजापहित' पात्यापेक्षा चांगल्या एम्पूचं नवं पातं जास्त मोलाचं असू शकतं. १९४५ नंतरच्या या कामाला कामार्दिकान म्हणतात. योग्यकार्ताजवळचे एम्पू जेनो हारुम्ब्रोजो आणि सुराकार्ताचे पाउझान पुस्पोसुकाद्गो यांनी ही परंपरा पुन्हा उभी केली. सुराकार्ताच्या कला विद्यापीठात आज केरिसाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. नव्या पात्याचा फायदा असा की कोणी, कशापासून, केव्हा घडवलं हे लिहून मिळतं. डोळा तयार करायचा असेल तर सुराकार्ताचं २०१७ साली उघडलेलं केरिस संग्रहालय किंवा उबुदचं नेका संग्रहालय आधी बघा. चांगलं पातं पुरेसं बघितलं की वाईट आपोआप खटकतं.

घरी आणताना आणि आणल्यावर

इंडोनेशियाच्या २०१० च्या ११ क्रमांकाच्या कायद्यात ५० वर्षांहून जुन्या वस्तू सांस्कृतिक वारशात मोडू शकतात आणि अशा वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. 'खूप जुना' म्हणून घेतलेला केरिस विमानतळावर 'नवा आहे' म्हणून दाखवायची वेळ येऊ नये, एवढं बघा. भारतात ९ इंचांहून लांब पातं शस्त्र नियमांखाली येतं आणि जावाचा केरिस १३ इंचांच्या पुढेच असतो. त्यामुळे घेण्याआधी सीमाशुल्क आणि पोलिसांचे नियम विचारून घ्या, आणि हातातल्या बॅगेत तर मुळीच ठेवू नका.

वारांगान घरी करू नका. आर्सेनिक त्वचेतून आणि धुळीतून शरीरात जातं आणि सांडपाण्यातून इतरांच्याही पोटात. पातं आधी पूर्ण स्वच्छ झालं नसेल तर रंग पिवळट, डागाळलेला चढतो. आम्लात जास्त वेळ राहिलं तर कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. हे जाणत्याच्याच हाताने व्हावं.

रोजच्या निगेला हलकं यंत्राचं तेल पुरतं. वासासाठी त्यात दोन थेंब चंदनाचं तेल घाला. खोबरेल किंवा गोडं तेल नको, ते चिकट होऊन आर्द्रता धरून ठेवतं. तेल लावून पुसून टाका, ओलसर पातं म्यानात घातलं की लाकूड तेल पितं आणि फुगून पातं आत अडकतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा पातं बाहेर काढून गोंजोचा सांधा आधी तपासा, कारण गंज तिथूनच सुरू होतो.